मंडळाचं जुनं दप्तर कसं वाचावं

पूर्णा हे बदलीवर आलेल्या माणसांनी मोठं केलेलं मराठवाड्यातलं गाव आहे. विसावं शतक उजाडता उजाडता हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मीटर गेज लाइनने मनमाड सिकंदराबादला जोडलं. पुढे इथून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि नदीकाठच्या या गावाचं जंक्शन झालं. इंजिनांचं शेड आलं, क्वार्टर्सच्या रांगा आल्या आणि फायरमन, फिटर, पॉइंट्समन, गार्ड, तारबाबू आले. कुणाची घरची भाषा मराठी, कुणाची तेलुगू, कुणाची उर्दू. हातात बदलीचा कागद आणि सोबत ट्रंक घेऊन आलेल्या या माणसाला इथे भावकी नव्हती. रात्री दवाखान्यात कोण बसणार, ड्यूटीवर अपघात झाला तर घरी कोण कळवणार, तिरडीला खांदा कोण देणार, लेकीच्या लग्नात पंगतीला कोण वाढणार, हे त्याचे रोजचे प्रश्न होते.

अशा गावांत माणसांनी एकमेकांसाठी जे उभं केलं त्याची नावं वेगवेगळी आहेत: रेल्वे इन्स्टिट्यूट, भजनी मंडळ, गणेश मंडळ, जयंती उत्सव समिती, आखाडा, पतसंस्था, युनियनची शाखा. इंग्रज अधिकाऱ्यांनी बरोबर आणलेलं लॉज, म्हणजे फ्रीमेसनांचं बंधुमंडळ, हेही त्याच जातीचं. दीक्षा घ्यायची, वर्गणी भरायची, परक्या गावातही एकमेकांना भाऊ मानायचं आणि भावाच्या माघारी त्याच्या बायकोमुलांकडे पाहायचं. पोशाख आणि विधी बाजूला ठेवले तर लॉज आणि क्वार्टर्समधलं भजनी मंडळ एकाच गरजेतून जन्मलेली दिसतात.

यातल्या कितीतरी संस्थांवर आज एकच पाळी आली आहे. सभासदांत निवृत्त माणसंच उरली आहेत, नवी पोरं फिरकत नाहीत आणि वार्षिक सभेत दरवर्षी तोच विषय निघतो: चालू ठेवायचं की बंद करायचं? हा लेख अशा संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांसाठी आणि तळमळीच्या सभासदांसाठी आहे. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी कपाट उघडा आणि प्रोसिडिंग बुकं बाहेर काढा.

मात्र ती स्मरणिका काढायच्या हेतूने वाचू नका. रौप्यमहोत्सवी अंकात आपण काय छापतो? आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, येऊन गेलेल्या पाहुण्यांची नावं, मिळालेल्या ढाली. त्याने ऊर भरून येतो, पण पुढच्या वर्षी काय करायचं हे त्यातून कळत नाही. शोधायच्या गोष्टी दोनच आहेत. संस्था कुठल्या अडचणीपायी निघाली? आणि दार कुणासाठी उघडायचं, कुणासाठी नाही, हा वाद जेव्हा जेव्हा झाला तेव्हा तेव्हा काय ठरलं? पुढची दिशा या दोन गोष्टींत असते.

चोरीला गेलेली यादी

आपल्याच भाषेतलं एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगं आहे. १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग, त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग, अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर ही तिच्यातली ठळक नावं. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजीही काही काळ तिच्यात होते. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, एका ईश्वराची प्रार्थना करायची, हा तिचा कार्यक्रम होता. सभा गुप्त होती. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण त्या काळात ती बाहेर फुटली असती तर माणूस जातीबाहेर पडला असता, घरच्या लग्नकार्याला, मयताला कुणी आलं नसतं. सभासदांना एकत्र बांधणारी गोष्ट ती जोखीमच होती.

१८६०च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले आणि सभासदांची नावं बाहेर फुटणार या भीतीने माणसं पांगली. दहाएक वर्षं जपलेलं बंधुत्व एका यादीपायी विरलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो याच आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने. जुन्या सभेतलं काय घेतलं आणि काय टाकलं ते नीट पाहा. एकेश्वराची उपासना ठेवली, जातिभेदाला असलेला विरोध ठेवला. गुप्तता टाकली. उपासना उघड्या दाराने होऊ लागली, पुढे समाजाची ‘सुबोध पत्रिका’ निघाली आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं नावानिशी पुढे आली. पाव खाण्याची अटही मागे पडली. त्यामुळे काहींना हा समाज मवाळ वाटला आणि ती टीका अगदीच चुकीची नव्हती. पण याच समाजाच्या माणसांच्या हातून पंढरपूरचा अनाथाश्रम उभा राहिला, कामगारांच्या रात्रशाळा चालल्या. गुप्त मंडळीला हे साधलं नसतं.

आपल्या संस्थेचा इतिहास असा वाचायचा. कुठला नियम संस्थेच्या हेतूतून आला आणि कुठला त्या वेळच्या भीतीतून, हे ओळखायचं. हेतूतला नियम जपायचा. भीतीतला नियम, ती भीती गेली असेल तर, हात जोडून निरोप द्यायचा. तुमच्या घटनेत ‘सभासद हा रेल्वे कर्मचारीच असावा’ असं कलम असेल तर ते का घातलं गेलं, हे त्या वर्षीच्या प्रोसिडिंगमध्ये पाहा. कदाचित वर्गणी पगारातून कापून मिळे, एवढंच कारण असेल. मग आज रोजंदारीवर काम करणाऱ्या, ठेकेदाराच्या माणसाला बाहेर का ठेवायचं? उलट ते कलम एखाद्या बाहेरच्याने संस्थेची जागा बळकावू पाहिली म्हणून आलं असेल, तर ते काढताना दुसरा बंदोबस्त करावा लागेल. कलम दोन्ही ठिकाणी एकच, उपाय मात्र निराळे.

दुसरी गोष्ट कागदांची. परमहंस सभेबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं सभासदांच्या आठवणींमुळे आणि नंतर अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकाने घेतलेल्या कष्टांमुळे. याच्या उलट महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या या समाजाने सुरुवातीच्या वर्षांतच आपल्या कामाचे अहवाल छापले आणि म्हणूनच पुढच्या पिढ्यांना तो धागा पुन्हा हाती धरता आला. तुमच्या मंडळाचा गेल्या दहा वर्षांचा अहवाल नुसता व्हॉट्सअॅपवर असेल तर तो नाही असंच समजा.

दार कुणासाठी

फ्रीमेसनांची गोष्ट थोडक्यात सांगतो. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. परत आले, तरी दार बंदच. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये हिंदी माणसांना घेणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघालं. बंधुत्वाची शपथ घेणाऱ्यांनी आधी कातडीचा रंग पाहिला, हे त्या इतिहासातलं लाजिरवाणं पान आहे. पण ते पान फाडून टाकलेलं नाही, आणि ते आहे म्हणूनच पुढचं समजतं. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापन झालं, तेव्हा इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडशी जोडलेल्या इथल्या प्रत्येक लॉजला निवड करायची मुभा होती: नव्या घरात या, किंवा जुन्याच घरात राहा. बरीच आली, काही राहिली. वाटणी झाली, पण ज्याच्या त्याच्या निवडीने.

तुमच्याही दप्तरात लाजिरवाणं पान असेल. एखाद्या जातीच्या माणसाचा अर्ज वर्षानुवर्षं ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवलेला सापडेल. बायकांना फक्त हळदीकुंकवापुरतं बोलावलेलं दिसेल. अशी पानं लपवू नका. पूर्णेतल्या ज्या घरांना त्या काळी दारात थांबावं लागलं, त्यांच्या नातवंडांना ते ठाऊक आहे. सभेत ते पान मोठ्याने वाचून दाखवणं आणि त्याखाली आजचा ठराव लिहिणं, यापेक्षा चांगलं सभासद-निमंत्रण मला सुचत नाही.

बाहेरच्या जगाचाही एक धडा. अमेरिकेत १९५९ साली फ्रीमेसनांची संख्या ४० लाखांच्या वर होती. आज ती १० लाखांच्याही खाली आहे. विमा आणि पेन्शनची जबाबदारी सरकारने आणि कंपन्यांनी उचलली, टीव्ही आला, शहरं पसरली. अशा वेळी विधी काटेकोर करून किंवा मेजवान्या वाढवून माणसं परत येत नाहीत. आपल्याकडे मांडव मोठा आणि डीजेचा आवाज मोठा होतो, ती हीच चूक. गरज बदलली तिथे थाट वाढवून भागत नाही.

मराठवाड्यातलं दप्तर वाचताना

पुण्या-मुंबईची रीत इथे जशीच्या तशी चालणार नाही. पूर्णा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि इथल्या कागदांवर त्याची खूण असते. तारखा फसली सनाच्या असतील. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या आसपास, आजुर महिन्याने सुरू होई. फसली आकड्यात ५९० मिळवा, आणि महिना जानेवारी किंवा त्यानंतरचा असेल तर ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. संस्थेचा जन्म आपण सांगतो त्याहून आधीचा किंवा नंतरचा आहे, असा शोध या एका बेरजेने लागू शकतो. नोंदणीचा जुना कागद ‘१३५० फसली’च्या हैदराबादी कायद्याखालचा असेल तर तो रद्दी समजून टाकू नका. जागेचा वाद निघाला तर तो उपयोगी पडू शकतो. उर्दू मजकूर गावातल्या एखाद्या जुन्या मौलवींकडून किंवा निवृत्त शिक्षकांकडून वाचून घ्या. मोडीतले हिशेब असतील तर छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख विभागात विचारा.

निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या फतव्याखाली जाहीर सभेला आधी परवानगी लागे. म्हणून माणसं वाचनालयाच्या, भजनाच्या, आखाड्याच्या, गणेशोत्सवाच्या नावाने एकत्र येत. त्यामुळे त्या वर्षांचं प्रोसिडिंग वाचताना नुसतं ‘भजन झाले, प्रसाद वाटला’ असं दिसलं तर तेवढ्यावर थांबू नका. वर्गणी अचानक का वाढली, बाहेरगावचे पाहुणे कोण होते, कुठल्या महिन्यात सभाच झाली नाही, हे पाहा. आजचं निरुपद्रवी वाटणारं मंडळ एके काळी नागरी स्वातंत्र्याचं आडोशाचं ठिकाण होतं, असं निघू शकतं. तसा पुरावा असेल तरच ते सांगा, केवळ ऐकीव गोष्टीवर फलक लावू नका.

इथल्या रेल्वेचा मालकही बदलत गेला. निजाम स्टेट रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि २००३ मध्ये नांदेड विभाग आला. इन्स्टिट्यूटची इमारत, क्वार्टर्समधली उत्सवाची जागा यांचा पत्रव्यवहार म्हणून वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेला असतो. जागा रेल्वेची असेल तर ‘आमची’ म्हणून भविष्याचे बेत आखू नका. आधी मंजुरीचं पत्र शोधा.

मग सभासद नोंदवही घ्या आणि एका साध्या कागदावर वर्षवार संख्या मांडा. शेजारी गावाच्या घटना लिहा: वाफेची इंजिनं गेली ती वर्षं, नव्वदीच्या दशकात मुख्य लाइनचं ब्रॉडगेज, शेडमधली माणसं बदलून गेली ते वर्ष, २००८ मध्ये अकोल्याच्या लाइनचं गेजबदल. संख्या या घटनांबरोबर पडली असेल तर दोष तुमच्या कारभाराचा नव्हता, गावाचा पोटापाण्याचा पाया हलला होता. मात्र गावात सगळं ठीक असताना ती पडली असेल, तर त्या वर्षीची निवडणूक, हिशेबाचा तंटा, अध्यक्षपदाची मक्तेदारी यांकडे बघावं लागेल. दोन्हींना एकच औषध देऊन चालत नाही.

मदतीचा हिशेब वेगळा काढा. मयत-निधीतून कुणाला किती दिलं, शाळेची फी कुणाची भरली, कर्ज कुणी फेडलं. माझ्या मते सगळ्या दप्तरात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण संस्थेने कुणाचं काय अडलेलं सोडवलं ते इथे रुपयांत लिहिलेलं असतं. त्याच्या आधाराने आजचा प्रश्न विचारा: पूर्णेत आज भावकीविना कोण आहे? रनिंग स्टाफमधला बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला तरुण लोको पायलट आहे. नांदेड-परभणीला रोज गाडीने जाणारी, घरी उशिरा पोचणारी मुलगी आहे. मुलं पुण्यात, आपण इथे, अशी एकटी पेन्शनर आजी आहे. पहिल्या सभासदांना जे हवं होतं तेच यांना हवं आहे: रात्री फोन केला तर येणारं माणूस.

कायद्याचं काम रुक्ष आहे, पण टाळू नका. धर्मादाय कार्यालयातून तुमच्या संस्थेच्या ‘परिशिष्ट १’ची नक्कल काढा. पुष्कळ जुन्या मंडळांच्या परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तांचीच नावं अजून आहेत. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. थकलेले अर्ज विलंबमाफीची विनंती करून भरावे लागतात. विश्वस्त संस्थेची जागा विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६खाली आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार गळ्याशी येतो. उद्देश बदलायचा तर घटनेतलं दुरुस्तीचं कलम आणि गणपूर्ती पाहूनच पावलं टाका.

कागद जपायला पैसा फारसा लागत नाही. पानं फाटली असतील तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. वाळवी लागलेल्या वह्या वेगळ्या करा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, मोबाईलने एकेका पानाचा फोटो घ्या आणि त्याच्या प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे पेनने लिहू नका, मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा. आणि हे काम जिवंत माणसांबरोबर बसून करा. फोटोतली शेवटच्या रांगेतली नावं अध्यक्षांना आठवत नाहीत, ती बहुधा एखाद्या माजी फायरमनच्या पत्नीला आठवतात. त्या बाईंना विचारा, त्या बोलत असताना ध्वनिमुद्रण करा आणि त्यांची परवानगी घेऊनच ते जपा.

एवढं झालं की वार्षिक सभा बोलवा, आणि विषयपत्रिकेवर ‘संस्थेचे भवितव्य’ असा मोघम विषय घालू नका, त्यावर नुसती भाषणं होतात. दप्तरातली चार पानं निवडा: स्थापनेचा ठराव, प्रवेशावरून झालेला एक वाद, मदतीची एक नोंद आणि संख्या घसरली त्या वर्षाचं प्रोसिडिंग. ती तरुणांकडून वाचून घ्या. मग एकच ठराव मांडा, एका वर्षाचा, पैशांच्या आकड्यासह, जबाबदार व्यक्तीच्या नावासह. उदाहरणार्थ, दवाखान्यात रात्री सोबत करणाऱ्यांचा गट आणि त्यासाठी अमुक निधी. वर्षाने तो चालला नाही तर बंद करायची मोकळीकही त्याच ठरावात असू द्या.

आणि सगळं पाहून संस्था बंद करायचं ठरलं, तर त्यात अपमान नाही. ज्या गरजेसाठी ती निघाली ती खरोखरच भागली असेल तर तिने आपलं काम केलं. तेव्हा विसर्जनाच्या कलमाप्रमाणे शिल्लक रक्कम सारख्याच उद्देशाच्या संस्थेकडे द्या आणि दप्तर मात्र रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका, गावातल्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला पोच घेऊन सोपवा.

ठराव कसाही होवो, प्रोसिडिंग लिहिताना नुसतं ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळं होऊ नका. कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला आणि का, हे दोन ओळींत लिहा. सूचक-अनुमोदकांची नावं आडनावासह पूर्ण घाला, तारीख इंग्रजी सनाची टाका आणि सहीखाली छापील अक्षरांत नाव लिहून मगच वही मिटा.